उंदीर मारताना चिचुंद्री वाचवा: मृगाआधीचा सल्ला

रोहिणीचा पाऊस पडून गेला की दोन कामं एकाच आठवड्यात अंगावर येतात. एक, हुमणीचे, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे गोळा करणं. दुसरं, पेरणीआधी बांधावरच्या उंदरांचा बंदोबस्त. या दुसऱ्या कामात दरवर्षी एक असा जीव मारला जातो, जो पहिल्या कामात आपला बिनपगारी गडी असतो. तो जीव म्हणजे चिचुंद्री.

चिचुंद्री उंदीर नाही. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सगळे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडल्याशिवाय त्यांना गत्यंतर नसतं. मग ते उसाचं कांडं असो, ठिबकची नळी असो की बियाण्याचं पोतं. चिचुंद्रीचे दात तसे नसतात. तिच्या तोंडात 30 बारीक, टोकदार दात असतात आणि ते भुंगेऱ्याचं कवच फोडण्यासाठी असतात. मेलेली सापडली तर काडीने ओठ वर करून एकदा बघा, शंका उरणार नाही. (हात लावू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.)

जिवंत असताना ओळखणं त्याहून सोपं. नाक सोंडेसारखं लांब आणि सतत हलणारं, डोळे मोहरीएवढे, शेपटी बुडाशी जाड आणि त्यावर विरळ लांब केस. उंदीर उड्या मारत पळतो, चिचुंद्री भिंतीच्या कडेने चिकचिक आवाज करत सरपटल्यासारखी जाते. तिच्या कुशीत गंधग्रंथी असतात. त्या उग्र वासामुळे मांजर तिला मारतं, पण बहुतेक वेळा खात नाही, टाकून देतं. गोठ्याच्या दारात सकाळी न खाल्लेला ‘उंदीर’ पडलेला दिसला तर तो बहुधा चिचुंद्रीच असतो.

एकदा आमच्या गोठ्यात वैरणीची गंज हलवताना तिची पिल्लं बाहेर पडली. पुढे आई, तिच्या शेपटीचं बूड तोंडात धरून पहिलं पिल्लू, त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं. अख्खी साखळी कुठेही न तुटता भिंतीकडेने दगडांच्या सांदीत शिरली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी तिच्यावर काठी उचललेली नाही.

ती खाते काय? झुरळं, रातकिडे, भुंगेरे, अळ्या, गोगलगाई, गांडुळं आणि सापडली तर उंदराची पिल्लंसुद्धा. गांडुळं खाते हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण तिला फार वेळ उपाशी राहता येत नाही, म्हणून रात्रभर ती जमीन हुंगत फिरते. भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात आणि अंडी घालायला पुन्हा जमिनीत जातात. चिचुंद्रीच्या फेऱ्यांची वेळही तीच. ती एकटी हुमणी आटोक्यात आणेल असं मी म्हणणार नाही. फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकणं आणि प्रकाश सापळे लावणं चुकणार नाही. पण मदतीला आलेल्याला आपणच का मारावं?

नावांचा हा गोंधळ फक्त आपलाच नाही. शास्त्रज्ञांनीही किडे खाणारे सगळे छोटे सस्तन प्राणी बराच काळ ‘कीटकभक्षी’ या एकाच गणात कोंबले होते. पण एका पंगतीला बसले म्हणून सगळे भाऊबंद होत नाहीत. 1990च्या दशकाच्या अखेरीस जनुकांची तुलना झाली, तेव्हा मादागास्करचे टेनरेक (किडे खाणारे छोटे प्राणी) आणि आफ्रिकेतले जमिनीखाली राहणारे सोनेरी मोल हे हत्तीच्या दूरच्या गोतातले निघाले. आपल्या सातपुड्यात खारीसारखी दिसणारी वृक्षचिचुंद्री आहे, तिचाही गण वेगळा. आता चिचुंद्री, अंगावर काटे असलेला हेजहॉग आणि जमिनीखाली बोगदे खणणारा खरा मोल हे युलिपोटिफ्ला या गणात येतात. त्यात चिचुंद्र्यांच्याच साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या घराभोवती दिसते ती मोठ्यांपैकी. याच कुळातली एट्रुस्कन चिचुंद्री जेमतेम 2 ग्रॅमची, रुपयाचं नाणंही तिच्याहून जड. ती भारतातही आढळते.

यातली एक गोष्ट शेतात थेट उपयोगाची आहे. इंग्रजी पुस्तकांत आणि व्हिडिओंत शेतातले मातीचे ढीग मोलचे म्हणून दाखवतात. भारतात मोल आहे तो ईशान्येकडे, पूर्व हिमालयात. महाराष्ट्रातल्या बांधावर ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर तो घुशीचा किंवा उंदराचा, आणि औषध तिथेच हवं.

ते असं द्या. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. तिथे दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला धान्याचा भरडा ठेवून उंदराला चटक लावा, मग 96 भाग भरडा, 2 भाग गोडं तेल आणि 2 भाग झिंक फॉस्फाईड (उंदराचं विष) हे आमिष बिळात खोल टाकून तोंड बंद करा. आमिषात सुकट किंवा मासळीचा चुरा मुळीच मिसळू नका. नुसत्या भरड्याकडे चिचुंद्री सहसा फिरकत नाही, मासळीच्या वासाला मात्र ती येते, मांजर आणि कुत्रंही येतं. आमिष उघड्यावर पसरू नका. पाऊस तोंडावर असेल तर थांबा, ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि आमिष वाया जातं. कालवायला काठी वापरा, हातात मोजे घाला, कारण या विषावर उतारा नाही. मेलेले उंदीर खोल पुरा. चिकट कागदाचे सापळे घरात लावूच नका, त्यात पहिली अडकते ती भिंतीकडेने चालणारी चिचुंद्री.

आता हात न लावण्याचं कारण. तिच्या अंगावर पिसवा असतात, ती चावते, आणि 1964 साली वेल्लोरजवळ पकडलेल्या चिचुंद्रीत थोट्टापलयम नावाचा विषाणू सापडला होता. म्हणून ती शेतात, गोठ्याच्या मागे बरी. स्वयंपाकघरात आणि कोंबडीच्या पिल्लांच्या खुराड्यात नको. पिल्लांवर ती हल्ला करते. खुराड्याला खालून अर्ध्या इंचाहून बारीक जाळी मारा, दाराखालची फट बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. पावसाळ्यात बांधावर पाणी साचलं की ती घराकडे वळते, म्हणून हे काम मृगाआधीच उरका. घरात शिरलीच तर दार उघडं ठेवून भिंतीकडेने झाडूने वाट दाखवा.

बांध पेटवताना एका कडेला दोन-चार हात गवत आणि दगडांचा ढीग तसाच राहू द्या. आणि ज्यांचं प्लास्टिकचं शेततळं आहे, त्यांनी चारही कोपऱ्यांना जुनं पोतं किंवा काथ्याचा दोर वरून पाण्यापर्यंत सोडून वर पक्का बांधावा. त्या गुळगुळीत उतारावरून पडलेल्या चिचुंद्रीला, सरड्याला, बेडकाला चढायला दुसरा आधार नसतो.