फाइलचे पथ जोडताना

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगसाठी कापसाच्या वजनपावत्यांचा प्रोग्राम लिहिताना मी फोल्डर आणि फाइलचे नाव नुसत्या अधिकच्या चिन्हाने जोडले होते; परिणामी ‘पावत्या’ फोल्डरात जाण्याऐवजी ‘पावत्यानोव्हेंबर’ नावाची फाइल बाहेरच तयार झाली आणि ऐन हंगामात, दारात गाड्यांची रांग असताना, ती शोधत बसावे लागले.

म्हणून पथ, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, साध्या मजकुरासारखा जोडू नये. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २०१४ साली आलेल्या ३.४ आवृत्तीपासून असलेले पाथलिब हे पथ हाताळणारे साधन वापरावे. विंडोजवर उलटी आणि लिनक्सवर सरळ तिरकी रेघ ते स्वतःच घालते.

खरी मेख पुढे आहे. जोडायचा दुसरा भाग तिरक्या रेघेने सुरू झाला, तर पायथन आणि रस्ट या भाषा पहिला भाग टाकूनच देतात, म्हणजे ‘/पावत्या’ला ‘/नोव्हेंबर’ जोडल्यावर हाती नुसते ‘/नोव्हेंबर’ उरते. गो ही भाषा आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) यांतील जोडणीचे फंक्शन मात्र ‘/पावत्या/नोव्हेंबर’ देते. माझ्या मते अशा वेळी भाषेने परस्पर निर्णय न घेता चूक दाखवावी. तोवर, वापरणाऱ्याने टाइप केलेले नाव जोडण्यापूर्वी ते मुळापासून सुरू होणारा पथ नाही ना, हे तपासावे आणि जोडल्यानंतर दोन टिंबांमुळे (‘..’ म्हणजे एक फोल्डर वर) पथ मूळ फोल्डरबाहेर गेला नाही ना, हेही पाहावे.