जेवणातला चोथा रोज किती हवा आणि तो घरच्या घरी कसा मोजावा

धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो म्हणजे तंतुमय पदार्थ, आपल्या बोलण्यातला चोथा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनेप्रमाणे दहा वर्षांवरील प्रत्येकाला दिवसाला किमान २५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना १५ ग्रॅम चोथा मिळायला हवा.

आपल्या ताटात तो किती आहे, हे पाहण्यासाठी एक दिवस पीठ, तांदूळ आणि डाळ शिजवण्याआधी तोलावी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तूरडाळीत ९ ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम चोथा असतो. म्हणजे प्रत्येकी साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या तीन भाकरी, वाटीभर वरण आणि शंभर ग्रॅम पालेभाजी एवढ्यावरच माणूस पंचवीस ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. भाकरीऐवजी तेवढ्याच तांदळाचा भात खाल्ला, तर निम्मी मजलही गाठता येत नाही. विदर्भात कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीचा पेरा मागे सारला आणि तिच्या जागी ताटात भात वाढला, तिथेच हा हिशेब बिघडला, असे मला वाटते.

तूट दिसली, की आधी एका वेळचा भात कमी करून भाकरी किंवा ज्वारीच्या कण्या घ्याव्यात. गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळू नये, कारण त्यातला कोंडा, म्हणजे नेमका हवा असलेला भाग, गोठ्यात जातो. चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर सालासकट फुटाणे, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी, पावसाळ्यात तरोटा (टाकळा) ही पालेभाजी आणि बियांसह एक पेरू, एवढे पुरते. संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. पाकिटातली चोथ्याची महागडी पूड निरोगी माणसाने विकत घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

हे प्रमाण मात्र एकदम वाढवू नये, नाहीतर पोट फुगते आणि गॅस होतो. दर आठवड्याला एखाद्या पदार्थाची भर घालावी. चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून पाणी वाढवणे आवश्यक आहे, आणि वैशाखात शेतावर राबणाऱ्याने तर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी कमी पडल्यास बद्धकोष्ठ उलट वाढते. आतड्याचे ऑपरेशन झालेल्यांनी किंवा आतडे अरुंद असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.