‘ऊटा आतेन्री?’ ला काय उत्तर द्यायचं

कामाशिवायच्या दोन मिनिटांच्या गप्पा कशा मारायच्या, हे बेळगावकडं कॉलेज किंवा विद्यापीठात नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी लिहितोय, विशेषतः जे पुण्या-कोल्हापूरकडून येतात आणि थेट कामाचंच बोलतात त्यांच्यासाठी.

मी नवीन असताना ऑफिसातल्या एका क्लार्कनी विचारलं, ‘ऊटा आतेन्री सर?’ जेवण झालं का एवढं कन्नड मला कळत होतं, म्हणून मी सविस्तर सांगायला लागलो की आज एकादशी आहे, साबुदाणा खाल्लाय, रात्री भगर करणार. तो बिचारा हातात फाईल घेऊन उभा. नंतर कळलं की त्याला माझ्या पोटाशी काही देणंघेणं नव्हतं, तो फक्त ‘तुम्ही दिसलात बरं का’ एवढंच म्हणत होता 😅 मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली असल्या बोलण्याला फॅटिक कम्युनियन असं नाव दिलंय, म्हणजे माहितीसाठी नाही, नातं धरून ठेवायला बोलायचं. आपल्याकडं ‘काय, जेवलासा काय?’ हेच करतंय की.

तर उत्तर एवढंच, ‘आत्री, निम्दु?’, म्हणजे ‘झालं, तुमचं?’ जेवला नसाल तरी आत्री. ज्याची जी भाषा त्यात पहिलं वाक्य टाकायचं, मग मराठी, हिंदी, इंग्लिश काहीही मिसळा, कोणी व्याकरण तपासत नाही. मोडकं कन्नड बोललात तर उलट समोरचा हसून मराठीवर येतो, हा माझा रोजचा अनुभव.

कधी बोलायचं? अकराच्या चहाला, बायोमेट्रिकच्या रांगेत, बसमध्ये. सगळ्यात भारी म्हणजे व्हॅल्युएशन, म्हणजे पेपर तपासणी, उत्तरपत्रिकांचं बंडल यायला उशीर झाला की चार कॉलेजचे लोक नुसते बसून असतात, तिथं तासाभरात जेवढी ओळख होते तेवढी डिपार्टमेंटमध्ये वर्षभर होत नाही.

विषय शोधायला लागत नाहीत. जूनपासून पाऊस आहेच, खानापूरकडचा माणूस असेल तर तोच अर्धा तास बोलेल. यूयूसीएमएसचं, म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठ-कॉलेजांच्या कारभाराचं सरकारी पोर्टल उघडत नाही हे तर कायमचं गाऱ्हाणं, एचओडीपासून गेस्ट लेक्चररपर्यंत सगळे एका बाजूला. सिनियर मंडळींना ‘सर, पीजी धारवाडला काय?’ एवढं विचारा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं, त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, त्यामुळं मार्कशीटच्या दुरुस्तीपासून पेढ्यापर्यंत प्रत्येकाकडं धारवाडची एक स्टोरी असतेच, आणि ती लांब असते, क्लास असेल तर विचारू नका.

काय विचारायचं नाही तेही सांगतो. गेस्ट लेक्चररला पगार आणि ‘पर्मनंट कधी?’, पीएचडीवाल्याला ‘सबमिट कधी?’, आणि कोणालाच लग्न. एक नोव्हेंबर जवळ आला की सीमाप्रश्नही स्टाफरूमच्या बाहेर ठेवा. एकाच टेबलावर त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव साजरा करणारा आणि काळा दिन पाळणारा दोघंही डबा खात असतात आणि दोघांनाही उद्या एकाच हॉलमध्ये सुपरव्हिजन आहे. मत असू द्या, नसावं असं म्हणत नाही, पण ते चहाबरोबर नको.

अटेंडरशी बोला, नुसतं ‘ए, खडू आण’ नको. साहेब रजेवर आहेत हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं. पण त्यासाठी म्हणून बोलू नका, ते लगेच कळतं.

आणि मुख्य म्हणजे गप्पांच्या शेपटाला काम बांधायचं नाही. ‘पाऊस काय म्हणतोय? बरं, माझं इन्क्रिमेंटचं तेवढं बघा की’ असं केलंत की आधीची दोन मिनिटं वाया, पुढच्या वेळी तुम्ही पाऊस म्हणालात की समोरचा आधी तुमच्या हातात फाईल आहे का बघणार. काम असेल त्या दिवशी सरळ काम सांगा. उठायचं असेल तर ‘येतो री, बेल झाली’ म्हणायचं. बेल झालेली नसली तरी चालतं.