आधी थांबायला शिकवा, मग पळायला

दहा-बारा वर्षांचं मूल मैदानावर आलं की पळतंच, ते कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबणं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ एका मातीच्या मैदानावर खो-खो शिकवते. मुलं मला ताई म्हणतात. शाळेत पीटी घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि नव्यानं शिट्टी हातात घेतलेल्या ताई-दादांसाठी हे लिहिते आहे. तुमचा खेळ कबड्डी, हँडबॉल किंवा बॅडमिंटन असला तरी यातलं बरंचसं चालेल.

खो-खोचा नियमच बघा. आक्रमणाच्या गड्यानं एकदा दिशा घेतली की खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोचेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे संरक्षण करणारा गडी जागच्या जागी थांबून उलटा फिरू शकला, तर पाठलाग करणाऱ्याला खो देण्यावाचून गत्यंतर नसतं. पण थांबायला दोन पावलं जास्त लागली की हात पाठीला लागलाच. आक्रमणात तर अंगावर ताबा नसलेला गडी फाउलवर फाउल करतो, मग तो कितीही चपळ असो.

आधी नुसतं बघा

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. मुलांना टाचा टेकवून उकिडवं बसायला सांगा. बऱ्याच जणांच्या टाचा वर येतात किंवा ती मागे कलंडतात. मग भिंतीकडे तोंड करून उभं करा. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहा. टेकत नसेल तर घोटा आखडलेला आहे, आणि घोटा वाकत नसेल तर ते मूल थांबताना खाली बसूच शकणार नाही. तुम्ही ‘वाक, वाक’ म्हणून कितीही ओरडलात तरी ते कमरेतूनच वाकेल. अशा मुलाला रोज घरी भिंतीपाशी हेच करायला द्या, दोन्ही पायांनी, घाई न करता.

त्यानंतर एका पायावर उभं राहणं. हात कमरेवर आणि नजर समोर. पडतं की नाही एवढंच पाहू नका, कुठे ढळतं ते पाहा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली लोंबते का? टेकलेल्या पायाचा गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही आत झुकतो का? बोटं माती धरून ठेवायचा प्रयत्न करतात का? डावा-उजवा फरक वहीत लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते, कारण आईवडिलांना ‘तुमच्या मुलीचा डावा पाय कच्चा आहे’ असं दाखवून सांगता येतं.

थांबणं

हे सकाळी करा, पाणी मारून मैदान बसलेलं असतं तेव्हा. फक्कीनं एक रेघ ओढा. मूल आधी चालत येऊन रेघेपाशी थांबेल, दोन्ही पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, आणि दोन आकडे मोजेपर्यंत पुतळा. चालत जमलं की हलक्या धावेनं. तेही जमलं की तीन-चतुर्थांश वेगानं. पूर्ण वेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मागू नका. वेग वाढवायचा मोह तुम्हालाच जास्त होईल, तो आवरा.

मूल थांबलं की त्याला बाजूला व्हायला सांगा आणि माती बघा. ओल्या मातीत सगळं लिहिलेलं असतं. एकच लांब ओरखडा आणि शेवटी टाचेचा खड्डा दिसला, तर पाय सरळ पुढे टाकून ब्रेक मारलाय, सगळा धक्का गुडघ्यानं खाल्लाय. छोटे छोटे तीन ठसे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवळ आणि सगळं पाऊल सारखं उमटलेलं, तर थांबणं चांगलं. शेवटचा ठसा बाहेरच्या अंगाला खोल आणि आतल्या अंगाला पुसट असेल, तर वजन पावलाच्या कडेवर पडलंय, घोटा तिथेच मुरगळतो.

सातवीतली एक मुलगी रेघेवर नेमकी थांबायची आणि लगेच एक पाऊल पुढे पडायचं.

“ताई, थांबले की मी रेघेवर!”

“पाय थांबले गं. कंबर थांबली का?”

तिनं खाली ठशांकडे पाहिलं, मग पुढच्या त्या जास्तीच्या ठशाकडे. “नाही. ती पुढे गेली.”

“मग रेघ यायच्या तीन पावलं आधीच कंबर खाली आण.”

यात सगळं शास्त्र आलं. शरीराचं वजन कमरेच्या आसपास एकवटलेलं असतं. ते दोन पावलांच्या मधल्या जागेत पडलं की तोल राहतो, बाहेर गेलं की पाऊल टाकावंच लागतं. कंबर खाली आणली आणि पाय रुंद ठेवले की ते आत राहणं सोपं जातं. थांबायला सुरुवात रेघेवर करायची नसते, आधी करायची असते.

एवढा वेळ यावर घालवायचं आणखी एक कारण आहे. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा चिवट पट्टा, फाटण्याच्या दुखापती कुणाचा धक्का न लागताही होतात: उडीवरून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना, गुडघा जवळपास सरळ असताना आणि आत कलंडल्यावर. वयात आलेल्या मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून मुलींच्या संघाला हा भाग वगळून नुसते सामने खेळवणारा प्रशिक्षक दिसला की मला राग येतो, आणि मी तो बोलून दाखवते.

रेघेवर जमलं की रेघ पुसा. आता टाळी वाजली की थांबायचं. त्यानंतर टाळीला थांबून आलेल्या वाटेनं परत. शेवटी टाळीही नको, समोर एक गडी उभा करा, तो ज्या बाजूला झुकेल त्याच्या विरुद्ध बाजूला सुटायचं. त्याच्या खांद्यांकडे, हातांकडे बघायला शिकवू नका, तिथून हुलकावणीच मिळते. कमरेकडे बघू दे. कंबर खोटं बोलत नाही.

मधलं अंग

प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग ताठ धरून राहणं, मी मिनिटंच्या मिनिटं धरायला लावत नाही. हललं नाही तर कौतुक, असा तो व्यायाम आहे, आणि खेळात तर हात-पाय सुटे हलत असताना मधलं अंग न डगमगणं हवं. त्यासाठी मुलांना पाठीवर झोपवा, उताण्या पडलेल्या झुरळासारखे हात-पाय वर. आता उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर, दोन्ही हळूहळू जमिनीकडे न्यायचे, श्वास सोडत. कमरेखाली तुमचा तळहात ठेवा. हातावरचा दाब कमी झाला, कमर उचलली, की तिथेच थांबवा. तेवढीच त्या मुलाची आजची हद्द. नंतर बाजू बदला.

दुसरं म्हणजे चार पायांवर चालणं: हात आणि चवडे जमिनीवर, गुडघे वीतभर वर, आणि पाठीवर प्लॅस्टिकचा शंकू आडवा ठेवलेला. तो न पाडता पाच-सहा मीटर पुढे आणि तेवढंच मागे. मागे जाताना खरी परीक्षा होते.

तुमच्या जवळ मल्लखांब असेल तर आठवड्यातून एक दिवस मुलांना तिकडे न्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं मानतात, आणि पुण्यात ती शिकवणारी माणसं अजून आहेत. साधी पकड धरून लाकडावर लटकलेल्या मुलाला पोट आवळ म्हणून सांगावं लागत नाही.

एका पायाच्या ताकदीसाठी मात्र आपल्याकडे लंगडी आहे. तिच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. मुलं नेहमी आवडत्या पायानंच लंगडी घालतात, म्हणून डाव आलटून-पालटून पायांवर लावा. आणि दर चौथ्या उडीला गोठून उभं राहायचं, असा नियम घाला. उडी मऊ उतरली पाहिजे. धप्प आवाज आला तर ती उडी बाद. मुलं एकमेकांचे आवाज कान देऊन ऐकतात आणि तुमच्यापेक्षा कडक पंचगिरी करतात.

उठणं आणि सूर

चौकोनात बसलेल्या गड्याला खो मिळाल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं ते पाहा. बहुतेक मुलं आधी सरळ उभी राहतात, मग पळतात. छाती वर जाते आणि पहिलं पाऊल वाया जातं. एक आडवी दोरी धरा, बसलेल्या मुलाच्या डोक्यापेक्षा वीत-दीड वीत वर, आणि तिच्याखालून सुटायला सांगा. तोंडानं काहीही समजावू नका, दोरी समजावते.

सूर मारणं सगळ्यांना पहिल्याच दिवशी हवं असतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, पुरुषांचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. तेव्हापासून मोबाइलवर आकाशीय सूर, म्हणजे हवेत झेपावून मारलेले सूर, बघून आलेली मुलं खांबाकडे धावत सुटतात. त्यांचा उत्साह मला फार आवडतो, पण पायरी सोडू देत नाही. आधी गादीवर गुडघ्यांवरून, मग उकिडव्या बैठकीतून, मग दोन पावलांवरून. हनुवटी वर, कोपरं वाकलेली, आणि उतरायचं ते छाती-पोट-मांड्या अशा क्रमानं घसरत. सरळ ताठ हातावर वजन झेलू देऊ नका, मनगट आणि खांदा दोन्ही जातात. ज्या मुलाला एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येत नाही, त्याला धावत सूर नाही. यात सूट देऊ नका, पालक आग्रह धरायला आले तरी.

मातीतून मॅटवर जाताना वेगळी काळजी घ्या. मातीत पाऊल थोडं घसरतं आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट चिकटतो, पाऊल तिथेच राहतं आणि वळतो तो गुडघा. म्हणून मॅटवर जागच्या जागी पाऊल फिरवायचं नाही, छोटी पावलं उचलत वळायचं. स्पर्धा मॅटवर असेल तर निदान आठवडाभर आधी हे करून घ्या.

बोलायचं कसं

एका वेळी एकच सूचना. तीही शरीराच्या अवयवाबद्दल शक्यतो नको. ‘गुडघा वाकव, पोट आवळ, पाठ ताठ ठेव’ म्हटलं की मूल आपल्याच अंगाकडे बघत बसतं आणि आखडतं. ‘जमीन मागे ढकल’, ‘दोरीखालून सुट’, ‘आवाज न करता उतर’ म्हटलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. आणि प्रत्येक वेळी लगेच बोलू नका. आधी त्यालाच विचारा, काय झालं? मूल जे सांगतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

उंची भराभर वाढण्याचा काळ, मुलींमध्ये साधारण १२ च्या आसपास आणि मुलांमध्ये १४ च्या, सांभाळून घ्या. काल सहज जमणारी गोष्ट आज जमत नाही, कारण हातापायांची लांबीच बदललेली असते. ते मूल आळशी झालेलं नसतं. त्याला हे स्पष्ट सांगा, नाहीतर ते खेळ सोडून देतं. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखून टेंगूळ आलं तर उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘खेळून खेळून बरं होईल’ म्हणू नका.

हे सगळं सरावाच्या सुरुवातीला घ्या, अंग गरम झाल्यावर लगेच, १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. दमलेल्या मुलाकडून तोलाचं काम करून घेतलं तर ते चुकीचं थांबणंच पक्कं करून घरी जातं. पावसाळ्यात मैदान चिखल झालं की शाळेच्या व्हरांड्यात भिंतीपाशी घोटे, पाठीवरचा हात-पायांचा व्यायाम आणि जागच्या जागी लंगडीचं गोठणं एवढं होतंच. फरशी ओली असेल तर मात्र उड्या नकोत.