हौशी डिस्क गोल्फची मोठी स्पर्धा: पात्रतेपासून शेवटच्या फेरीपर्यंत या चुका टाळा

साताऱ्याजवळ, क्षेत्र माहुलीच्या अलीकडे एका मित्राच्या पडीक रानात आम्ही पाचसहा जण दर रविवारी सकाळी डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे प्लास्टिकची चपटी तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये घालण्याचा खेळ. वेल्डरकडून करून घेतलेल्या साखळ्यांच्या दोन बास्केट, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या टी (पहिली फेक करायच्या जागा) आणि एका बाजूला उभा उसाचा फड, एवढेच आमचे मैदान. नवा मुलगा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, मोठ्या स्पर्धेत खेळायचं तर किती लांब फेकावं लागतं?" हा प्रश्नच मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. लांब फेक हवीच, पण मी जवळून पाहिलेल्या होतकरू खेळाडूंच्या संधी बहुतेक वेळा एक तर कागदावर हुकल्या आहेत, नाहीतर बास्केटपासून दहा मीटरच्या आत.

आधी कागदाचे पाहू. या खेळाची जागतिक संघटना म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, अर्थात पीडीजीए. एड हेड्रिक यांनी ती 1976 साली स्थापन केली. नावात 'प्रोफेशनल' असले तरी हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा आणि अमेरिकेची हौशी राष्ट्रीय स्पर्धाही तिच्याच छत्राखाली होते. सर्वांत सर्रास होणारी चूक अशी की खेळाडू वर्षभर मित्रमंडळींच्या, संस्थांच्या आणि महाविद्यालयांच्या स्पर्धा खेळतो, त्या जिंकतोही, आणि अर्ज भरायची वेळ आली की त्यांतली एकही स्पर्धा पीडीजीएची मान्यता असलेली नव्हती असे त्याच्या लक्षात येते. हौशी जागतिक स्पर्धेच्या निमंत्रणासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतून मिळवलेले गुण महत्त्वाचे असतात, आणि हे गुण सभासदत्व चालू असतानाच जमा होतात. म्हणून सभासदत्वाचे नूतनीकरण वर्षाच्या सुरुवातीलाच करावे. स्पर्धा तोंडावर आल्यावर करू, असे म्हणू नये.

रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूच्या दर्जाच्या आकड्याच्या बाबतीत गैरसमज अधिक खोल आहेत. खेळाडूचे रेटिंग साधारणपणे गेल्या बारा महिन्यांतील मान्यताप्राप्त फेऱ्यांवरून काढले जाते आणि त्यांतल्या सर्वांत ताज्या चतुर्थांश फेऱ्यांना दुप्पट वजन दिले जाते. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पात्रतेची मुदत जवळ आली म्हणून सराव नसताना, आजारातून उठल्या उठल्या किंवा परीक्षेच्या धांदलीत घाईघाईने दोन स्पर्धा खेळणारा खेळाडू नेमक्या दुप्पट मोजल्या जाणाऱ्या फेऱ्याच खराब करून ठेवतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. फेरीचे रेटिंग काढण्यासाठी त्याच दिवशी, मैदानाच्या त्याच मांडणीवर आधीपासून रेटिंग असलेले पुरेसे खेळाडू खेळलेले असावे लागतात. तसे नसेल तर उत्तम खेळ होऊनही त्या फेरीला रेटिंग मिळत नाही. स्पर्धा निवडताना कोण कोण येणार आहे हे आयोजकांना आधी विचारण्यात संकोच कसला? प्रवासाचा खर्च आपल्या खिशातून जाणार असतो.

गट निवडतानाही भावनेच्या आहारी जाऊ नये. 935च्या खालच्या रेटिंगसाठी इंटरमीडिएट, 900च्या खाली रिक्रिएशनल आणि 850च्या खाली नोव्हिस, असे हौशी गट आहेत. वरच्या गटात नाव घातले की मान मिळतो असे वाटून आमच्यातल्या एकाने सलग तीन स्पर्धा वरच्या गटात खेळल्या आणि प्रत्येक वेळी तो शेवटच्या काही जणांत राहिला. आपल्या गटात आपण किती जणांना मागे टाकले यावर गुण अवलंबून असल्यामुळे त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. रोख बक्षिसाबाबतही सावध असावे. कबड्डीच्या आणि कुस्तीच्या मैदानांत रोख इनाम घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे त्यात गैर काही वाटत नाही. परंतु इथे प्रो (व्यावसायिक) गटात खेळून मिळालेली रोख रक्कम स्वीकारली की हौशी दर्जा संपतो. मोठी हौशी स्पर्धा डोळ्यांसमोर असेल तर ती रक्कम नम्रपणे नाकारावी.

आता दहा मीटरचे. बास्केटपासून दहा मीटरच्या आत पुट (बास्केटमध्ये घालण्यासाठीची जवळची फेक) करताना, डिस्क हातातून सुटल्यावर आपल्या जागेमागे पूर्ण तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. जागा म्हणजे मार्करच्या (डिस्क कुठे पडली ते दाखवणाऱ्या खुणेच्या) मागच्या कडेपासून मागे 30 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद एवढीच पट्टी. डिस्क सुटते त्या क्षणी पायाचा आधार त्या पट्टीत असावा लागतो. घरच्या मैदानावर कोणी हे बघत नाही, आणि हेच नुकसानाचे मूळ आहे. बाहेरगावच्या एका स्पर्धेत मी सहा मीटरवरून पुट साखळ्यांत घातला आणि आनंदाच्या भरात तसाच पुढे चालत गेलो. गटातल्या एका खेळाडूने चूक पुकारली, दुसऱ्याने दुजोरा दिला आणि एक दंडाची फेक माझ्या नावावर लागली. त्यांचे काही चुकले नव्हते. परतल्यावर आम्ही दोन्ही बास्केटभोवती दोरीने मोजून दहा मीटरचे वर्तुळ फक्कीने आखले. आता त्याच्या आत पुट केल्यावर मनात 'एक, दोन' म्हणून मगच पाय उचलायचा असा आमचा दंडक आहे.

उताराचा सराव हा साताऱ्याच्या खेळाडूंनी हक्काने घ्यावा असा विषय आहे. अमेरिकेची हौशी राष्ट्रीय स्पर्धा मिशिगनमधील केन्सिंग्टन मेट्रोपार्कमध्ये टोबॉगन नावाच्या मैदानावर होत आली आहे. हिवाळ्यात बर्फावर घसरगाड्या सोडायची ती टेकडी आहे. सपाट मैदानावर घडलेला खेळाडू अशा ठिकाणी गोंधळतो. चढाला असलेल्या बास्केटवर पुट कमी पडला की डिस्क जाळीच्या कडेला आपटून काठावर उभी राहते आणि उतरणीने घरंगळत खाली येते. चार मीटरचा पुट बघता बघता वीस मीटरचा होतो. उताराकडच्या बास्केटवर हुकलेला पुट पलीकडे तरंगत जातो आणि परतीचा पुट पहिल्यापेक्षा लांब पडतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही एक बास्केट उताराच्या ऐन कडेला रोवतो आणि प्रत्येक पुटच्या आधी मोठ्याने सांगतो, "घालतो" किंवा "टेकवतो". टेकवणे म्हणजे बास्केटजवळ डिस्क अलगद ठेवून पुढची फेक सोपी करणे. हा निर्णय फेकीच्या आधी व्हायला हवा, हात हलल्यावर झालेला निर्णय डिस्कला कळत नाही. सरावासाठी कोणी कासच्या पठारावर मात्र जाऊ नये. तिथल्या फुलांची जमीन पायदळी तुडवून कोणताही खेळ होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

वाऱ्याबद्दल इतकेच, की समोरून वारा आला म्हणून जोर वाढवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. समोरच्या वाऱ्यात डिस्कभोवतीच्या हवेचा वेग वाढतो, त्यामुळे उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकलेली डिस्क उजवीकडे कलंडू लागते. जोर वाढवला की ती आणखीच कलंडते. अशा वेळी जास्त ओव्हरस्टेबल (अशी सहजी न कलंडणारी) डिस्क घ्यावी, तिचे नाक, म्हणजे पुढची कड, किंचित खाली ठेवावे आणि हात नेहमीच्याच गतीने चालवावा. पाठीमागून वारा असला की उलट होते, डिस्क लवकर खाली बसते आणि लवकर डावीकडे वळते. चाळकेवाडीकडे पवनचक्क्या का उभारल्या हे ज्याने अंगावर वारा घेऊन अनुभवले आहे, त्याला हा सराव करायला दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात पिशवीला एक आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला दुसरा, असे दोन सुती पंचे बाळगावेत.

स्पर्धेच्या दिवशीच्या चुका बहुधा घड्याळाच्या असतात. आपली पाळी आली आणि समोरची जागा मोकळी झाली की 30 सेकंदांत फेक व्हावी लागते, आणि हरवलेली डिस्क शोधायला तीनच मिनिटे मिळतात. उसाच्या फडात अर्धा तास डिस्क शोधण्याची सवय लागलेल्या आम्हा मंडळींना ही तीन मिनिटे फार थोडी वाटतात. म्हणून डिस्क कुठे पडली हे फेकणाऱ्याने आणि गटातल्या दुसऱ्या कोणीतरी, असे दोघांनी दोन बाजूंनी बघून ठेवावे. सुरुवातीला उशीर झाला तर हुकलेल्या प्रत्येक होलसाठी (टी ते बास्केट असा एक टप्पा) पार, म्हणजे त्या होलच्या अपेक्षित फेकी, अधिक चार एवढा आकडा लागतो. परक्या शहरात राहण्याची जागा आणि मैदान यांतले अंतर आदल्या दिवशी, त्याच वेळेला, प्रत्यक्ष जाऊन मोजावे.

शेवटी गुणपत्रक. फेरी संपली, हात मिळवले, कोणी पाणी प्यायला गेले, कोणी घरी फोन लावला, आणि पत्रक न वाचताच जमा झाले, असे मी अनेकदा पाहिले आहे. जमा केल्यानंतर आकडा चुकल्याचे आढळले तर दोन दंडाच्या फेकी बसतात, मग चूक लिहिणाऱ्याची असली तरी. म्हणून गटातल्या सर्वांनी एका जागी उभे राहावे, पहिल्या होलपासून एकेक आकडा मोठ्याने वाचावा, बेरीज दोनदा करावी आणि त्यानंतरच पत्रक जमा करावे. माहुलीच्या रानात आमच्या रविवारच्या फेरीनंतरही हे वाचन होते. बांधावर बसून, चहा ओतण्याआधी.