'सिक' म्हणजे नेहमी आजारी नसतं: इंग्रजी स्लँग शिकताना या चुका टाळा

लातूरला संध्याकाळी मी स्पोकन इंग्लिशचा वर्ग घेतो. औशाहून एसटीनं येणारा एक पोरगा पुण्याला मुलाखत देऊन आला आणि ग्रुपवर त्यानं मेसेज टाकला, 'आय बॉम्ब्ड द इंटरव्ह्यू!' पुढं तीन फटाके. पोरांनी अभिनंदनाचा धडाका लावला. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मात्र लिहिलं, 'सो सॉरी, पुढच्या वेळी होईल.' पोरगा भडकला. मला म्हणाला, 'सर, ताई जळूलाली बघा.'

ताई जळत नव्हती. अमेरिकन बोलीत एखादी गोष्ट 'बॉम्ब' केली म्हणजे सपशेल आपटलो. पण तिथलीच माणसं एखाद्या झकास गोष्टीला 'द बॉम्ब' म्हणतात, आणि ब्रिटनमध्ये कार्यक्रम 'लाइक अ बॉम्ब' गेला म्हणजे तो दणक्यात झाला. आमच्या पठ्ठ्यानं 'द बॉम्ब' कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि त्याचं क्रियापद घरीच तयार केलं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्लँग ऐकलं तसं, अख्ख्या तुकड्यानिशी उचलायचं. व्याकरण लावून त्याचं नवं रूप काढायला गेलात की फसलात.

दुसरी चूक शब्दाला शब्द लावायची. 'दॅट बाइक इज सिक' ऐकून गाडी बिघडली असं समजणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, 'काल मटण लई खतरनाक झालं होतं' म्हटल्यावर तुम्ही सरकारी दवाखान्यात धावता का? आपल्याकडं 'खतरनाक'चं जे झालं, तेच तिकडं 'सिक'चं झालं. मैत्रिणीनं बातमी सांगितल्यावर दुसरी 'शट अप!' ओरडते, तेव्हाही ती गप्प बस म्हणत नसते. आपण 'काय सांगतो!' म्हणतो, तसंच ते.

यापेक्षा फसवे असतात साधे दिसणारे शब्द. चहा अजून घेणार का विचारल्यावर पाहुणा 'आय एम गुड' म्हणाला, तर त्याला चहा नको आहे. आपल्याला वाटतं तब्येत बरी आहे म्हणतोय, आणि आपण कप भरतो. आग्रह हा तर आपला धर्मच, त्यामुळं बिचाऱ्याची सुटका नाही. 'व्हॉट्स अप?'लाही घरच्या अडचणी सांगायच्या नसतात. 'नॉट मच' म्हटलं की झालं.

आता उलटी बाजू. काही शब्द आपल्याला पक्के इंग्रजी वाटतात, पण ते भारताबाहेर वेगळेच ऐकू येतात. 'आय पास्ड आउट इन 2019' असं परदेशी क्लायंटला सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांपुढं 2019 साली चक्कर येऊन पडलेले तुम्ही उभे राहता. तिथं 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं. शंका विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हटलं, तर तुमचा भरवसा नाही असं समोरच्याला वाटू शकतं. म्हणून आपलं इंग्रजी चुकीचं ठरत नाही. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडं आणणं, आपल्याकडं रुळला आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला. फक्त समोर कोण आहे ते बघून बोला. वर्गात खोडरबरासाठी 'रबर' मागणं ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ निरोध होतो. 'पँट्स' म्हणजे अमेरिकेत बाहेरची विजार, ब्रिटनमध्ये आतली चड्डी.

अर्जात 'वॉन्ट टू', 'गोइंग टू'ऐवजी 'वॉना', 'गॉना' लिहू नका. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. तलाठ्याला अर्ज करताना आपण 'काय बावा' लिहीत नाही ना?

अर्थ बघायचा कुठं? अर्बन डिक्शनरी ही स्लँगची वेबसाइट 1999 पासून आहे. पण तिथं कुणीही अर्थ लिहितो आणि वाचक मतं देतात, त्यामुळं टवाळी आणि खरा अर्थ शेजारी शेजारी बसलेले असतात. तिथं बघा, पण तिथंच थांबू नका. लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, शब्दापुढं 'इन्फॉर्मल', 'ऑफेन्सिव्ह', 'ब्रिटिश' असे शिक्के असतात. पोरं ते सोडून थेट अर्थावर उडी मारतात. मला विचाराल तर शिक्का आधी, अर्थ नंतर. 'ऑफेन्सिव्ह' दिसलं की शब्द समजून घ्यायचा, तोंडात घ्यायचा नाही. सिनेमातला नायक दोस्ताला जे म्हणतो, ते दोस्ती असल्यामुळं खपतं.

शब्द शिळेही होतात. समोरच्यावर छाप पाडण्याच्या कलेला पोरं 'रिझ' म्हणू लागली. ऑक्सफर्डनं तो 2023 चा शब्द ठरवला, आणि 2024 ला मान 'ब्रेन रॉट'कडं, म्हणजे ऑनलाइन फालतू गोष्टी बघून डोकं सडण्याकडं, गेला. असे शब्द पाठ करून परीक्षेला बसल्यासारखे वापरू नका. उलट काही शब्द वाटतात त्यापेक्षा जुने असतात. 'ओएमजी' (ओ माय गॉड) ही मोबाइलची देणगी नाही, ब्रिटिश आरमारातल्या अॅडमिरल फिशरनं 1917 मध्ये चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ते आहे.

वर्गात मी वहीत चार रकाने पाडायला लावतो: शब्द, कुणी म्हटला, कुणाला म्हटला, ऐकून समोरच्यानं काय केलं. चौथा रकाना रिकामा असेल, तर तो शब्द अजून फक्त ऐकायचा. औशाच्या पोरानं 'बॉम्ब'पुढं चौथ्या रकान्यात लिहिलंय, 'ताईनं सॉरी म्हटलं.'