फळ्या आत्ता घाला, मार्चात विहिरीत वाकून काय बघणार

डिसेंबर उजाडायच्या आत ओहोळावरच्या बंधाऱ्याला पाणी अडवणाऱ्या फळ्या पडल्याच पाहिजेत. दरवर्षी हेच सांगतोय आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतो, अरे वाहू दे, पाणी आहे अजून! गेल्या साली आमच्या वाड्यावर फळ्या पडल्या जानेवारी अर्धा सरल्यावर. मार्चात काठची विहीर दोन हात खाली, पाणी मचूळ, शेजारच्या अळसांद्याची (चवळीची) पानं कडेनं करपलेली.

गोव्यात सुमारे ३००० मिमी पाऊस, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नंतर नदी वाहते ती काठच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, म्हणजे तुमच्या विहिरीचंच पाणी तुमच्या डोळ्यांदेखत चाललंय. नदी उतरली की विहीरही तिच्यामागे उतरते. फळ्या घातल्या की पाणी तुंबतं आणि उलट काठात शिरतं. राजस्थानात लुणी नदी पावसात थोडे दिवस वाहते तेवढ्यावर काठच्या विहिरी भरून घेतात लोक, आणि आपण महिनोनमहिने वाहणारं पाणी सोडून देतो.

खालच्या अंगाला, समुद्राकडे, आणखी वाईट. मांडवी नदीत उन्हाळ्यात भरती पार आत गांजे गावापर्यंत चढते. किनारपट्टीचा ढोबळ हिशोब असा की गोडं पाणी एक हात उतरलं तर खालचं खारं चाळीस हात वर सरकू शकतं. म्हणून पंप एका दमात सहा तास चालवू नका, दोन-दोन तास चालवून विहिरीला दम घेऊ द्या. भरतीला पंप बंद ठेवावा असं मला वाटतं, कागदावर कुठे नाही, अनुभव आहे.

दर रविवारी दोरीला दगड बांधून पातळी मोजा, भिंतीवर खडूनं लिहा. ईसी मीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजणारं यंत्र, आकडा dS/m मध्ये) ०.७ पर्यंत बिनधास्त, ३ च्या वर भाजीला ते पाणी नकोच. "पाणी गोड करणारं" चुंबकाचं यंत्र कोणी दाखवलं तर दारातूनच परत पाठवा. जमीन सुधारायला म्हणून जिप्समची पोती पण नकोत, मीठ धुऊन काढायला गोडं पाणीच नसेल तर जिप्सम काय करणार? आधी जुन्या गोव्याच्या आयसीएआर (कृषी संशोधन) केंद्रात विचारा.

वायंगण (पावसाळ्यानंतरचं, पाण्यावरचं भात):
– रोप २१–२५ दिवसांचं
– खत हेक्टरी १००:५०:५० किलो (नत्र:स्फुरद:पालाश), नत्र हप्त्यानं
– खाऱ्या शेताला खारं सोसणारं बी

फळीला भेग असेल तर पेंढा आणि चिकणमाती ठासा, प्लास्टिकची पोती कोंबू नका, मेमध्ये फळ्या काढताना तीच अडकून बसतात.